खराटा

माझी थोरली जाऊ जयवंता हिचं देवीकडे एकच मागणं होतं. रोज सकाळी देवळाचं अंगण झाडायला मिळावं. सोनं नाही, मुलगा नाही, दुसरं काही नाही. आणि एवढंसं मागणं पुरं होऊ नये म्हणून अख्खं गाव हात जोडून तिच्यासमोर उभं होतं. त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली, ती माणसंही बहुतेक गेली, पण आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

आमचं गाव चौक नावाच्या गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला. जाखमातेचं देऊळ म्हणजे कौलारू छपराखाली शेंदूर फासलेली एक शिळा, तिला चांदीचे डोळे, आणि पुढे मोठं अंगण. पायरीवर बसलं की इर्शाळचा सुळका समोर दिसतो. अंगणात जुना वड आहे. त्याचा पाला बारा महिने गळतो, त्यामुळे झाडणाऱ्याला कधी सुट्टी नसते.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा परकरी पोर होते. जयवंताबाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं माहेर भिसेगावचं. ती मला सोमे म्हणायची, मी तिला बाय म्हणायची. माझी वेणी तीच घालायची आणि मी हलले की डोक्यात टपली मारायची. "हल्लीस? आता परत पयल्यापासनं." पहाटे उठून ती देवळात जायची, खराट्याने अंगण झाडायची, कण्हेरीची चार फुलं देवीपुढे ठेवायची आणि परत यायची. आरती तिला निम्मीच यायची. तो तिचा खराटा डोंगरातल्या वाडीवरची ठकी करून आणायची, मोळी विकायला उतरायची तेव्हा.

एकदा मी विचारलं, "बाय, तू देवीशी बोलतेस तरी काय एवढं?"

"काय बोलायचं? ती बी गप, मी बी गप. बरं वाटतं."

मग तिला आजार आला. कारण म्हणाल तर काही नव्हतं. भाताची झोडणी झाली होती, घरात धान्य होतं, तिची मुलगी पदू नुकती चालायला लागली होती. लोक मात्र कारण शोधत राहिले. कुणी म्हणालं ओढ्यावर बाधा झाली, कुणी म्हणालं भिसेगावच्या तिच्या आजीचंही असंच होतं. तिची झोप गेली. कोपऱ्यात कुणी बसलं आहे असं धरून ती त्याच्याशी भांडायची. हंड्यातलं पाणी ओतून टाकायची, म्हणायची यात कायतरी कालवलंय. पदू जवळ गेली तर हिचे डोळे पोरीच्या आरपार बघायचे.

भगत आला. त्याने मिरच्यांची धुरी दिली, निर्गुडीच्या फोकाने मारलं. माझे थोरले दीर सहदेवदादा, म्हणजे तिचे नवरे, यांनी तिला माजघराच्या खांबाला बांधलं आणि स्वतः ओट्यावर बसून रडले. कर्जतला स्टेशनाजवळ एक डॉक्टर होता, त्याची बाटली आणली. ती घेतली की बाय दिवसभर पडून असायची आणि उठली की पुन्हा तेच. डॉक्टर म्हणाला, वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवा.

आमच्या सासूबाई धोंडूबाई उसळल्या. "माझी सून काय सरकारात ठेवू?"

पावसाच्या तोंडाला आजार आपसूक उतरला. जसा आला तसा गेला. बाय उठली, न्हाली, आणि पहिली कुठे गेली असेल तर खराटा घेऊन देवळात.

दुसरा आजार आला तो चैत्रातल्या जत्रेच्या आधी. या वेळी तिला आडाचं वेड लागलं होतं. पाण्याचा तिला संशयच, त्यामुळे घरात दिवसभर एकच, "आड ढासळतोय, आड ढासळतोय." कुणी लक्ष दिलं नाही. जत्रेच्या दिवशी तिने खांबाची दोरी सोडवली आणि मोकळ्या केसांनी, ढोल चालू असताना, सरळ गाभाऱ्यापुढे जाऊन तेच ओरडली. त्या पावसाळ्यात आडाची एक बाजू खरंच कोसळली. तो आड दरसाल थोडा थोडा ढासळतच होता, पण ते कुणाला आठवलं नाही.

झालं. कालपर्यंत तिला बघून दारं लावणारी माणसं तिच्या पाया पडायला लागली. बाई तीच, डोळे तेच, न झोपलेलं तोंड तेच. घरात ओरडली तेव्हा वेडी होती आणि देवळात ओरडली तर देवी! गुरव पोशा याने जाहीर केलं की जयवंता आता देवीचं माणूस. देवीच्या माणसाला नेम असतात. दर अमावास्येला उपास करून, केस सोडून ढोलापुढे बसायचं. आणि देवळाच्या खराट्याला हात लावायचा नाही, कारण जिच्या अंगात देवी येते तिने केर काढायचा म्हणजे देवीलाच केर काढायला लावल्यासारखं. खराटा गेला पोशाच्या बायकोकडे, मोतीबाईकडे. ती आठवड्यातून दोनदा झाडायची, तेही मधलं मधलंच.

श्रावणात बायचा आजार उतरला. शुद्धीवर येऊन बघते तर सासू तिला ताट वाढून देते आहे आणि नवरा तिला "अहो" म्हणतो आहे. ती मला विहिरीवर म्हणाली, "सोमे, मला कुनी वरडत बी नाय गं. मी काय मेले का काय?"

पुढची दोन वर्षं ती बरी होती. अगदी बरी असं नाही म्हणता येणार, कारण दर अमावास्येचा तो ढोल होताच. उपाशी पोट, धुपाचा धूर, कानाशी ढोल. ती डोळे मिटून बसायची, कधी जराशी थरथरायची, लोक म्हणायचे देवी आली. मी बघायची की त्यानंतर दोन-तीन दिवस तिची झोप जायची. झोप गेली की मागचं सगळं दाराशी येऊन उभं राहायचं. मी तिला भात भरवायची, पाय चेपायची, पदूला तिच्या कुशीत निजवायची. मग हळूहळू ते परत जायचं.

मी एकदा धीर करून विचारलंच. "बाय, खरं सांग, देवी येते का गं?"

ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "ते येतं ना, ते लई बडबडं असतं. शिव्या देतं, घाई करतं, झोपू देत नाय. देवी तशी नाय. देवीला मी वळखते, इतकी वर्सं तिचं अंगन झाडलंय. ती आली की मला बरं वाटतं. हे आलं की मीच नसते."

"मग तसं सांग की त्या पोशाला."

"सांगितलं. म्हनतो, देवी परीक्षा बघते."

असं ते सगळं. काही बोललं की त्याला उत्तर तयार.

मग बुळकांडीचं वर्ष आलं. बैलांच्या तोंडाला फोड यायचे, हगवण लागायची आणि चार दिवसांत उभा बैल आडवा व्हायचा. आमचा ढवळ्या गेला. खालच्या आळीतल्या दोन गोठ्यांत दावणीच रिकाम्या झाल्या. पेरणी तोंडावर, नांगर कशाने धरायचा? माणसं घाबरली होती, ते मला समजत होतं. पण त्या घाबरण्यातून गावाने ठरवलं की या जत्रेला जयवंताने तीन दिवस निरंकार उपास करून ढोलापुढे बसायचं आणि देवी बोलेपर्यंत उठायचं नाही.

ते कानावर आलं तेव्हा बाय पदूच्या डोक्याला तेल लावत होती, ती लावतच राहिली. पण हाताची बोटं थांबत थांबत चालत होती. मला कळलं. एका अमावास्येने जिची तीन रात्रींची झोप जाते, ती तीन दिवसांच्या ढोलातून परत येणार नाही.

मी आधी माझ्या नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "मी धाकटा. माझं कोन ऐकतं?"

थोरल्या दिरांशी बोलायची मला सोय नव्हती. त्या काळी धाकट्या भावाच्या बायकोने मोठ्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसे. मी पदर ओढून माजघरातल्या खांबाला उद्देशून बोलायची. तोच तो खांब. म्हटलं, "खांबा, खांबा, तुझ्या लक्षात हाय ना, कुनाला बांधलं व्हतं तुझ्याशी? यंदा परत बांधायला लागंल."

सहदेवदादा ओट्यावर जेवत होते. घास हातात तसाच राहिला. मग तेही खांबालाच म्हणाले, "खांबानं काय करावं? गावाला नाय म्हनलं आन उद्या कुनाचं ढोर मेलं, तर या घराला पानी कोन देईल?"

खरंच होतं तेही. म्हणून तर जास्त राग येत होता.

पोशाकडे गेले. तो ओसरीवर सुपारी कातरत होता. "पोशामामा, तिला झेपायचं नाय. आजारी मानूस हाय ते."

"आजारी कसली गं? एवडी ठनठनीत तर हिंडते!"

"हिंडते कारन आता बरी हाय. तुमच्या ढोलानं परत पडंल."

"म्हंजे आजारी हाय का बरी हाय? आधी घरनं ठरवून ये, मग बोल."

आत मोतीबाई फिदीफिदी हसली. सासूबाईंना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "तुझा जळफळाट व्हतोय. थोरलीला मान मिळतो, तुला मिळत नाय." मी तिथून उठून गोठ्यात गेले आणि रिकाम्या दावणीपाशी बसून एकटीच शिव्या दिल्या. कुणाला दिल्या ते आठवत नाही. बहुतेक देवीलाच.

ठकी मोळी घेऊन आली होती. तिने ऐकलं. म्हणाली, "आमच्या वाडीवं बी येतं की कुना कुनाच्या आंगात. येतं नि जातं. दुसऱ्या दिशी चल लाकडाला." आणि हसत पुढे म्हणाली, "तुमच्याकडं बसवूनच ठेवत्यात."

मग मी शेवटची युक्ती काढली. जत्रेच्या आदल्या दिवशी ओढ्यावर धुणं धूत असताना म्हटलं, "बाय, तू ढोल सुरू झाला की लगेच घूम. मान हलव, केस उडव, दात खा. आन काय त्यांना ऐकायचंय ते सांगून टाक. कोंबडं द्या, नारळ द्या, शिवंला दोरा बांधा. घटकेत मोकळी व्हशील. कोन बघतंय खरं का खोटं?"

तिने लुगडं पिळायचं थांबवलं. "सोंग करू?"

"कर. सगळे जीव वाचतील. तुझा, पदूचा, माझा."

"सोमे, आजारात मी काय काय बोलले ते मला ठावं नाय. पन जे बोलले ते मला खरं वाटत व्हतं म्हनून बोलले. लबाडी नाय केली. आता शुद्धीत राहून देवीच्या नावानं लबाडी करू? मग माझ्यात नि तिच्यात राह्यलं काय?"

"तिच्यात नि तुझ्यात! ती काय करते गं तुझ्यासाठी? एवढा आजार दिला, वर हा ढोल दिला. उठून एकदा पोशाच्या टाळक्यात मारायला काय झालं तिला?"

बाय हसली. मला रडू येत होतं आणि ती हसली. "ती गप असते गं. सांगितलं ना तुला."

त्या दिवशी मला तिचा इतका संताप आला की मी धुण्याचं पाटीभर ओझं घेऊन एकटीच पुढे निघून आले. गावाशी भांडता येतं. पोशाशी येतं. जिला वाचवायचं तीच देवीची बाजू घेऊन बसली तर कुणाशी भांडायचं?

पण तिने एक मार्ग काढला होता, तिच्या परीने. जत्रेच्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. ढोल तापवून ठेवले होते. तिला पाटावर बसवणार, तेवढ्यात ती पोशाला म्हणाली, "आधी मला कौल मागायचाय."

कौल म्हणजे देवीच्या शिळेच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जत्रेच्या दिवशी कुणीही मागावा, गुरवाला नाही म्हणता येत नाही.

"काय इचारायचंय?" पोशाने विचारलं.

"आई, मला या मानातनं मोकळं कर आन माझा खराटा मला परत दे."

गर्दीत कुजबुज उठली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पोशाने कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवल्या. मी नास्तिक नाही, पण त्या वेळी मी देवीकडे जशी बघत होते तसं माणूस सावकाराकडेही बघत नसेल.

उजवी कळी पडली.

"पडली!" मी ओरडले.

पोशा वाकला, कळी उचलून तळहातावर तोलली. "मोठी व्हती. भारानं पडली. परत लावतो."

"परत कशाला?" बाय म्हणाली. "पडली ना?"

"गावाच्या जिवाचा सवाल हाय, बाय. परत लावतो."

त्याने दुसऱ्या कळ्या घेतल्या. डावी लावताना त्याने अंगठा किती दाबला ते मी बघितलं, पण शपथेवर सांगता येणार नाही. या खेपेला डावी पडली. "नाय म्हनते आई!" पोशा म्हणाला आणि लोकांनी हुश्श केलं.

बाय मात्र जागची उठली. तिने सुटे केस दोन्ही हातांनी मागे घेतले आणि अंबाडा घातला. "आईनं पयल्यांदा सांगितलं ते मी ऐकलं. दुसऱ्यांदा तुमी इचारलं, ते तुमचं तुमी ऐका." एवढं बोलून ती गर्दीतून बाहेर आली, भिंतीला टेकवलेला खराटा उचलला आणि अंगण झाडायला लागली.

कसं झाडत होती! कडेपासून सुरुवात करून, एकसारखे हात मारत, मोतीबाईने एवढी वर्षं कोपऱ्यांत साठवलेला पाला ओढून काढत. पदर खोचलेला, चेहरा शांत. तीन वर्षांत मी तिला इतकी बरी बघितली नव्हती. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, "अगं बया, आई झाडते!"

"कोन?"

"आई गं! रोगराई झाडून काढते गावातली! बघा, शिवंकडं ढकलते!"

बाय पाला ओढ्याच्या बाजूला ढकलत होती, कारण उकिरडा तिकडे होता. पण कोण ऐकतो? एकाने जमिनीवर डोकं टेकलं, मग दहांनी. बायका पदर पसरून तिच्या खराट्यापुढची धूळ गोळा करू लागल्या. ढोलवाले धावत अंगणात आले आणि तिच्या हाताच्या ठेक्यावर ढोल वाजायला लागला.

बाय थांबली. "आवो, उठा! मी केर काढते."

"केर काढते म्हनते आई!" लोक ओरडले.

"सोमे, सांग यांना!"

मी सांगितलं. घसा फुटेस्तोवर सांगितलं. "ती बरी हाय! शुद्धीत हाय! आंगात काय नाय तिच्या!" एकाने मला दंडाला धरून बाजूला केलं, "आईच्या वाटंत येऊ नको."

मग बायने खराटा खाली टाकला, छातीवर हात ठेवला आणि अगदी स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी देवी नाय. मी जयवंता. भिसेगावची लेक, सहदेवाची बायको!"

ढोल थांबला. आमच्याकडे कुठल्या बाईने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं होतं? उखाण्याशिवाय, आडपडद्याशिवाय, चारचौघांत, नुसतं "सहदेव"? मेली असती पण घेतलं नसतं. बायने ते घेतलं होतं, स्वतःला खरी ठरवायला तिच्याजवळ त्याहून मोठं काही नव्हतं म्हणून.

पोशाने दोन्ही हात वर केले. "ऐकलंत? बाईमानूस असं नाव घेईल का? आईच बोलते!"

आणि सहदेवदादा, तिचे नवरे, सगळ्यांत आधी तिच्या पायाशी आडवे झाले.

बाय माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खराटा पुन्हा उचलला आणि राहिलेलं अंगण झाडून टाकलं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तीन दिवसांचा उपास मात्र टळला. देवी येऊन गेली, काम करून गेली, मग आणखी कशाला बसवायचं? अमावास्येचा ढोलही हळूहळू बंद पडला, कारण आता लोकांना ढोलापेक्षा सकाळचा केर जास्त हवा होता. देवीनेच खराटा धरला म्हटल्यावर तो तिच्या हातातून घेण्याची मोतीबाईची छाती झाली नाही. बाय रोज पहाटे झाडायची आणि लोक टोपल्यांतून तो पाला-पाचोळा नेऊन गोठ्यात पसरायचे. त्या वर्षी ज्यांचे बैल वाचले ते म्हणाले केराने वाचले. ज्यांचे मेले त्यांना सांगितलं, तुमीच उशिरा नेलात.

मी चिडायची. "बाय, हे काय चाललंय? कुनाला काय कळलंच नाय!"

ती म्हणायची, "झाडायला मिळतं ना? झोप लागते. पदू जवळ निजते. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे." तिचं समाधान झालं होतं. माझं कधीच झालं नाही. खरी गोष्ट एकाही माणसाने मान्य केली नाही आणि तरी तिला हवं ते मिळालं, हे मला पचतच नाही.

आणि आजार? तो ढोल वाजला नाही तरी आलाच. पुढच्या काळात तीनदा आला. कधी भर पावसात, कधी पदूच्या लग्नाच्या तोंडावर. दोरी मात्र मी घरात येऊ दिली नाही. खांबाला तसं बजावून सांगितलं होतं, आणि खांबाने ऐकलं. मी तिच्याजवळ निजायची, पाणी आधी मी पिऊन मग तिला द्यायची. कधी घ्यायची, कधी भांडं माझ्या अंगावर फेकायची. पहाटे मी तिच्या हातात खराटा द्यायची. एखाद्या दिवशी झाडायची, बहुतेक दिवशी ओळखायचीच नाही, हे काय आहे म्हणून. मग मी एकटी जायची देवळात आणि झाडायची, कारण बरी झाल्यावर तिने पहिलं तेच विचारलं असतं.

ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. खराटा माझ्याकडे आहे, म्हणजे ठकीच्या सुनेने करून दिलेला नवा. गुडघे धरतात, कोपरे नीट निघत नाहीत. झाडून झालं की पायरीवर बसते आणि त्या शिळेकडे बघून म्हणते, पहिला कौल तू दिलास ना, मग दुसऱ्या वेळी गप्प का बसलीस? चांदीचे डोळे तसेच. बायला ते गप्प राहणं बरं वाटायचं. मला अजून नाही वाटत. उद्या परत विचारीन.